बाबांनी पुसलेला फळा

इंदूरच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली ती खडूंमुळे. शेवेची चार पाकिटं आणि आईने तीन पिशव्यांत गुंडाळलेलं पोह्यांवरचं जिरावण यंत्रातून बिनबोभाट गेलं, आणि अडला तो पांढऱ्या खडूंचा पुठ्ठ्याचा डबा. सुरक्षेच्या बाईंनी एक खडू उचलून निरखून पाहिला आणि विचारलं, "टीचर हो क्या?" मी म्हटलं, "मैं नहीं, पिताजी हैं." काचेच्या पलीकडे बाबा उभे होते. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं, कारण ते हाताने हवेत लिहून दाखवायला लागले. बाईंना हसू आलं आणि त्यांनी डबा परत दिला.

आदल्या दिवशी तो डबा बॅगेत कोंबताना मी कुरकुर केली होती. बाबा म्हणाले होते, "तिकडे चांगला खडू नाही भेटला तर? राहू दे, वजनच काय आहे त्याचं." युरोपात खडू मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. मला द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काय आहे ते त्यांना सुचत नव्हतं, एवढंच. पोचेपर्यंत अर्ध्या खडूंचा भुगा झाला आणि माझा नवा काळा कोट पहिल्याच दिवशी मास्तरांच्या कोटासारखा दिसायला लागला.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना हा कोट ओळखीचा वाटेल. आणि जे आपल्या इंदूरच्या राजेंद्र नगरातच राहिले त्यांनी बाबांना नक्की विचारलं असेल की मुलगी तिकडे नेमकं करते काय. आमच्या शेजारच्या काकांनी तर फाटकात गाठून विचारलं होतं, "सरजी, बिटिया वहाँ बनाती क्या है?" बाबांनी उत्तर दिलं, "सवाल बनाती है." काकांचं समाधान झालं नाही, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही.

मी जिथे गेले ती संस्था एका छोट्या गावाच्या टोकाला आहे. ती कुठल्या विद्यापीठाची नाही की सरकारी खात्याची नाही. तिथे प्रयोगशाळा नाही, वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. चाळीसेक माणसं गणित आणि सैद्धांतिक भौतिकीवर विचार करतात आणि बाकीची काही माणसं त्यांना वेळेवर जेवू घालतात. फळे मात्र जिकडेतिकडे. जिन्यात, जेवणघरात, इतकंच काय लिफ्टमध्येही. दुपारी साडेतीनला घंटा वाजते, सगळे चहाला जमतात, आणि कपातला चहा गार होईपर्यंत कुणीतरी फळ्यापाशी जाऊन उभं राहतं. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, आपल्याला चुकून बोलावलंय, आज ना उद्या यांच्या लक्षात येईल.

त्या महिन्यात मला बाबांच्या फोनने तगवलं. इथली चहाची वेळ म्हणजे तिकडे रात्रीचे आठ, बाबांची शिकवणी सुटलेली. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न असायचा. "आज काय शिकलीस" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "आज कुठे अटकलीस?" असं विचारायचे. अडलं नाही म्हटलं की नाराज व्हायचे. मग मी फोनवर कुठे अडलंय ते सांगायची. त्यातलं त्यांना किती कळायचं कोण जाणे, पण मध्येच थांबवून ते विचारायचे, "ठहर. हे इथून इथे कसं आलं?" आणि पुष्कळदा तिथेच गोम असायची.

तिसऱ्या वर्षी आई-बाबा महिनाभर माझ्याकडे आले. बाबा गावावर खूष होते. खिशात बिस्किटाचा रिकामा कागद घेऊन ते मैलभर चालायचे आणि कचऱ्याचा डबा दिसला की मला विचारायचे, "गीला की सूखा?" आपल्या इंदूरच्या माणसाला स्वच्छता कोण सांगणार! संस्थेत मात्र ते देवळात यावं तसे हळू चालायचे. फळ्यांवरचं सगळं डोळे भरून पाहायचे. त्यांनी जुनी इंदूर भागातल्या हिंदी शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि गणितावर इतकी माणसं पोसणारं घर ते पहिल्यांदा बघत होते.

त्या दिवशी मी आईला खालची बाग दाखवायला नेलं आणि बाबांना वरच्या बैठकीच्या खोलीत बसवलं. त्या खोलीतला मोठा फळा माझा आणि लार्सचा होता. लार्स सत्तरीचा, मी त्याच्याबरोबर काम करत होते. सहा आठवड्यांचं गणित त्या फळ्यावर साठलं होतं. कागदावर त्यातलं निम्मंही नव्हतं, कारण ते रोज थोडं पुढे जात होतं. संस्थेत कुणाच्याही फळ्याला कुणी हात लावत नाही, 'पुसू नये' असं लिहून ठेवावंही लागत नाही. हे बाबांना सांगायचं मला सुचलंच नाही.

परत आले तर फळा कोरा. नुसता पुसलेला नाही, वरपासून खालपर्यंत सरळ पट्ट्यांत पुसून वर ओल्या फडक्याने लख्ख केलेला. बाबा डस्टर हातात घेऊन कौतुकाच्या अपेक्षेने उभे होते. जन्मभर ते आम्हाला सांगत आले होते की लिहिलेला बोर्ड सोडून जाणं म्हणजे उष्टं ताट सोडून उठणं. पुढच्याला फळा कोरा मिळाला पाहिजे.

मी म्हटलं, "बाबा, ही तुमची शाळा नाही."

ओरडले नाही मी. ओरडले असते तर बरं झालं असतं, आमच्या घरात ओरडणं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बाबांनी डस्टर जागेवर ठेवलं, हात झटकले आणि म्हणाले, "सॉरी, बेटा." माझ्याशी ते इंग्रजीत कधी बोलत नाहीत. लार्स तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीत होता. त्याला मराठी कळणार नव्हती. तो उठला, कोऱ्या फळ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ठीक आहे, पुन्हा लिहू." चार दिवसांत आम्ही बहुतेक सगळं आठवून लिहिलंसुद्धा. गणिताचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते दुसरंच. आई-बाबा इंदूरला परतले आणि बाबांनी विचारणं बंद केलं. फोन रोज यायचा. जेवलीस का, थंडी किती, खजरान्याच्या गणपतीला जाऊन आलो, सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी होती. मी आपणहून कामाचं काढलं की म्हणायचे, "छान, छान. आईला देतो." मी वाट बघायची आणि फोन आईकडे जायचा. तुम्ही बाहेर राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, घरचे रागावले की विमान पकडून येता येतं. ते अदबीने वागायला लागले की कुठे यायचं ते कळत नाही. मी माफी मागायचं रोज ठरवायची आणि रोज हवामानावर बोलायची. भित्री आहे मी, ते इथे कबूल करते.

सात-आठ महिन्यांनी चहाच्या वेळी नवे पाहुणे आले होते आणि लार्स त्यांना तो किस्सा रंगवून सांगत होता. तो म्हणाला, "तिच्या वडिलांनी मला किती नम्रपणे विचारलं होतं! 'फिनिश्ड, सर? मे आय रब?' मी माझ्याच तंद्रीत. मान हलवली. मी विचार करत असलो की सगळ्यालाच मान हलवतो." सगळे हसले. मी कप खाली ठेवला. बाबांचा वर्गातला नियम मला पाठ होता. मुलांचं उतरवून झाल्याशिवाय ते कधी पुसत नसत. हात वर करून विचारायचे, "सबका हो गया? मिटा दूँ?" परक्या देशात, परक्या भाषेत, अवघडलेल्या इंग्रजीत त्यांनी तो नियम पाळला होता. आणि मी न विचारता निकाल दिला होता.

डिसेंबरात इंदूरला गेले. व्हरांड्यातला शिकवणीचा फळा तसाच होता, भिंतीवर काळा रंग देऊन केलेला. बाबा सकाळचा चहा घेत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही लार्सना विचारलं होतं ना? मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलं तर काय झालं?" बाबा म्हणाले. "जिचं उतरवून व्हायचं होतं, ती तर रूममध्ये नव्हती ना. टीचरने पूरा क्लास बघायला पाहिजे."

मला रडू आलं. मी म्हटलं, "चूक माझी होती, बाबा. मी तसं बोलायला नको होतं." त्यांनी माझा चहा बशीत ओतून पुढे सरकवला. मग म्हणाले, "चल, पी आता, चाय ठंडी होऊन राहिली आहे."

चहा संपवून मी उठले आणि फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात, लार्सला आणि मला वर्षभर छळणारी पायरी लिहिली. बाबा लांबूनच बघत होते. मग चष्मा पुसला. मग खुर्ची पुढे ओढली. बऱ्याच वेळाने बोट रोखून म्हणाले, "ठहर. हे इथून इथे कसं आलं?"

"माहीत नाही, बाबा. तिथेच तर अटकली आहे."

ते हसले. किती दिवसांनी!

आता मी परत इथे आहे. साडेतीनची घंटा वाजते आणि फोनही वाजतो, आणि बाबा पहिलं वाक्य पूर्वीचंच बोलतात. पायरी अजून सुटलेली नाही. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी राजेंद्र नगरातला पत्ता सांगितला असता. आता वाटतं, जिथे आपलं अडलेलं कुणीतरी जपून ठेवतं ते घर. आई सांगते, बाबा हल्ली शिकवणी फळ्याच्या उजव्या अर्ध्यातच घेतात, अक्षर बारीक काढून. परवा मुलींनी विचारलं, "सर, पूरा मिटा दें?"

बाबा म्हणाले, "इधर का मिटाओ. उधर दीदी का अभी हुआ नहीं है."