माझ्या छातीची काळजी

माझ्या प्रकृतीची जेवढी काळजी आमच्या कांदिवलीच्या घरमालकांनी वाहिली, तेवढी माझ्या आईनेही वाहिली नसेल. आणि दुखणं होतं त्यांचं स्वतःचं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला. त्या काळी असा माणूस अंथरुणातच बरा असं सगळे मानत, पण त्यांचा डॉक्टर जरा निराळा. "रोज दोन मैल चाला, नाहीतर माझ्याकडे येऊ नका," म्हणाला. मालकांनी डॉक्टरकडे जाणं सोडलं. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं पालुपद. कॅनव्हासचे पांढरे बूट आणले, तर ते चिखलात खराब होतील. चिखल वाळला, तर धुळीत खराब होतील. मालकीणबाई रडून थकल्या.

एकदा मी विसरलेला डबा घ्यायला स्टेशनवरून धावत परत आलो आणि धापा टाकत पायरीवर बसलो. मालकांनी मला खालीवर न्याहाळलं. "तुझी छाती अधू आहे. उद्यापासून मी तुला चालवणार." मी नाही म्हणणार, तोच मालकीणबाई आतून हात जोडून उभ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पांढरे बूट दारात हजर. मग एक दिवस खाडा नाही. पोयसरच्या पुलाचा चढ आला की ते छातीवर हात ठेवून थांबत आणि म्हणत, "बस जरा, तुला दम लागलाय." मी बसत असे.

पुढे मालाडच्या एका मुलीचे वडील माझी चौकशी करायला आले. मालकांनी त्यांना चहा पाजला आणि प्रेमाने सांगितलं, "पोरगा गुणी आहे. छातीनं जरा अधू, पण मी चालवतो ना, काढील अजून काही वर्षं." स्थळ गेलं. मी मनातून चडफडलो. पण खरं सांगितलं असतं, तर ते बूट पुन्हा खुंटीला लागले असते.

पुढे माझं लग्न झालंच, आणि बिऱ्हाड अंधेरीला हललं. निघताना मालक म्हणाले, "तिकडे तुला कोण चालवणार? माणूस स्वतःसाठी चालत नाही रे."

महिन्याभराने मालकीणबाईंचं पत्र आलं: बूट खुंटीला आहेत. मी मालकांना कार्ड टाकलं, 'चालणं सुटलंय, जिना चढवत नाही.' रविवारी पहाटे ते दारात. "सोडलंस ना? आता दर रविवारी येईन." रविवारी मागे पडायला नको म्हणून आठवडाभर ते एकटेच पुलापर्यंत जात, असं पुढे कळलं.

अशी अकरा वर्षं गेली. आता मालक नाहीत. डॉक्टरने मलाही रोज दोन मैल सांगितले आहेत. बूट आणून ठेवलेत, पण पहाटे दाराशी कोणी येत नाही, आणि मी पडून राहतो.