घरचं रक्त

आमच्या टीचरअक्कांना गप्प राहून कुठलंही काम करता येत नसे. भाजी चिरताना, कपडे पिळताना, बसची वाट बघतानासुद्धा त्या काहीतरी समजावून सांगत असत. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. बंगळुरात बसवनगुडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून गल्लीतली मुलं त्यांना टीचर म्हणत आणि घरात मीही टीचरअक्का म्हणू लागले. लग्न होऊन होसकोट्याहून आले तेव्हा माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. कुणी नाव विचारलं तरी मी दाराआड जाई. पहिल्याच आठवड्यात अक्का म्हणाल्या, "इंदू, चौथीत थांबलीस ना? सरी, असू दे. पाचवी आपण स्वयंपाकघरात करू."

एकदा विळीवर माझं बोट कापलं. मी घाबरून पदर गुंडाळू लागले, तर अक्कांनी बोट घट्ट दाबून धरलं आणि तिथेच शिकवायला सुरुवात केली. "रक्तात बारक्या चकत्या असतात. कुठे भोक पडलं की त्या धावतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. मग वरून धाग्यांचं जाळं विणलं जातं. म्हणून रक्त थांबतं. तांबड्या पेशी छातीतून हवा उचलून पायाच्या करंगळीपर्यंत पोचवतात. पांढऱ्या पहारा देतात. आणि हे सगळं वाहतं कशातून? पिवळसर पाण्यातून. निम्म्याहून जास्त पाणीच आहे गं, उगाच लाल म्हणून मिरवतं."

त्यांचा जास्त जीव होता तो पांढऱ्या पेशींवर. "गोवर एकदा झाला की पुन्हा का होत नाही सांग." मला येईना. "कारण या पेशी ज्याला एकदा परका म्हणून ओळखतात, त्याला विसरत नाहीत. आपल्या सासूबाईंसारख्या!" सासूबाई पलीकडेच तांदूळ निवडत होत्या. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो.

नंतर अक्कांच्याच अंगावर निळे डाग दिसू लागले. बसचा दांडा लागला असेल, असं त्या म्हणायच्या. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, शाळेचा जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. सासूबाईंनी रोज बीटरूटचा पल्या, म्हणजे सुकी भाजी, सुरू केली. अक्का निमूट खायच्या आणि हळूच मला म्हणायच्या, "लाल खाऊन रक्त होत असतं, तर टोमॅटोच्या सारावर आपण सगळे पैलवान झालो असतो."

आजाराचं नाव कळायला फार वेळ गेला. कळलं तेव्हा अक्कांनीच मला सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. त्यांच्या हाडांनी ते काम सोडून दिलं होतं. तांबड्या, पांढऱ्या, चकत्या, काहीच नवं बनत नव्हतं. "घरची चूल विझली, इंदू. म्हणून तर बाहेरून डबा चाललाय. पण तांबड्या पेशी फार तर चार महिने टिकतात आणि चकत्या आठवडाभर. डब्यावर माणूस किती दिवस काढणार?"

तो डबा आजाराचं नाव कळण्याआधीच सुरू झाला होता. तो कुणाचा, यावरून आमच्याकडे जे झालं ते मी कुणाशी बोललेले नाही. अक्कांच्या शाळेतल्या फातिमा टीचर सगळ्यांत आधी आल्या. त्यांचा गट जुळत होता. शाळेतले आणखी काही जणही तयार होते. पण अक्कांचे मोठे भाऊ राजाजीनगरहून येऊन इस्पितळातल्या खोलीच्या दाराशीच उभे होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आईवडील गेल्यावर त्यांनीच अक्कांना वाढवलं, शिकवलं. ते हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले, "टीचर, तुमचे उपकार आहेत. पण आम्ही मेलो नाही अजून. घरचे भाऊबंद असताना तिला परक्याचं रक्त कशाला?"

"अण्णा, रक्ताला आडनाव नसतं," अक्का पलंगावरून म्हणाल्या.

"तू गप्प पड गं. इथे नको शिकवू."

मग अण्णा, त्यांचे मुलगे, चुलतभाऊ पाळीपाळीने रक्त देत राहिले. घरातल्या सगळ्यांनाच ते योग्य वाटलं. आजाराचं नाव तेव्हा कळलेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनीही कुणाला अडवलं नाही. दर वेळी रक्त देऊन झालं की अण्णा बहिणीच्या उशाशी येऊन बसत. "आता स्वल्प गाल लाल दिसतायत," म्हणत.

शेवटी तमिळनाडूतल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे म्हणाले, सख्ख्या भावाचा मगज जुळला तर तो घालून चूल पुन्हा पेटवता येईल. तपासलं, तर अण्णांचा पूर्ण जुळला. अण्णा बाहेरच्या बाकावर लहान मुलासारखे रडले आणि रडता रडता चहावाल्यालाही सांगू लागले, "माझ्याशी जुळला!" आत डॉक्टर अक्कांशी इंग्रजीत बोलत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आतापर्यंत कुणाकुणाचं रक्त घेतलं, असं काहीतरी त्यांनी विचारलं असावं, कारण अक्का बोटांवर घरच्यांची नावं सांगू लागल्या. सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या. डॉक्टरही खाली बघू लागले.

ते गेल्यावर अक्कांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "इंदू, माझ्या पांढऱ्या पेशी आता अण्णाला ओळखतात."

मला समजलं नाही.

"सगळं जुळलं तरी दोन भावंडांत बारीकसा फरक राहतोच. त्याचं रक्त इतक्या वेळा अंगात गेलं, की त्या फरकावर यांनी बोट ठेवलंय. हा परका, असं शिकून बसल्यात. आता त्याचा मगज घातला तर बाहेर फेकतील."

"फातिमा टीचरांचं घेतलं असतं तर?"

"तर या पेशींनी फातिमाला ओळखलं असतं. तिचा मगज थोडाच घालायचा होता? ते चाललं असतं." त्यांनी माझं मनगट धरलं. हात अगदी थंड होता. "हे अण्णाला कळता कामा नये. डॉक्टरांनाही मी सांगितलंय. शरीराने घेतलं नाही, एवढंच त्याला कळू दे."

पहारेकऱ्यांना गुंगवायला जहाल औषधं दिली. अण्णांच्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि अक्कांच्या शिरेत सोडला. थोडे दिवस पेशी वाढल्या. काचेपलीकडून अण्णा दोन्ही हात वर करून नाचायचे. मग पेशी उतरू लागल्या. पुन्हा ताप, पुन्हा डाग. मी रडले, तेव्हा अक्का अगदी हळू म्हणाल्या, "कुणावर रागावशील? त्या आपलं काम चोख करतायत."

त्यांनी मला शिकवलेलं ते शेवटचं. त्या तिथेच गेल्या.

पुढे मी कुणाकडून काही शिकले नाही. भाजी चिरताना घर गप्प असतं. पाचवी, सहावी, जे काही झालं ते सगळं आठवतं, पण त्याचं काय करायचं ते कळत नाही. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटतं. फातिमा टीचर भेटायला आल्या तेव्हा माझा हात हातात घेऊन बसल्या. "मला एकदा तरी द्यायला मिळायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मी खाली मान घातली. मी लाजरी आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

अक्कांच्या श्राद्धाला अण्णा दर वर्षी येतात. आता थकलेत, जिना चढून आले की धाप लागते. जेवण झालं की मला हाक मारतात, "इंदू, बस इथे." मग तेच बोलतात, आणि तेवढं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान येतं.

"माझ्याच्याने तिला वाचवणं झालं नाही गं. पण बंगळुरात होती तोवर परक्याचा एक थेंब तिच्या अंगात जाऊ दिला नाही."

"होय अण्णा," मी म्हणते आणि त्यांना कॉफी देते.