मागची रिकामी सीट

वाईहून साताऱ्याला जाणारी आमची एसटी फाट्यावर थांबली होती. खिडकीशेजारी एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्या पुढच्या सीटवर मला वंदना दिसली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, खळखळून हसताना. नोकरीसाठी आम्ही दोघी कित्येक वर्षं याच एसटीने शेजारी बसून जात होतो. महिन्यापूर्वी ती म्हणाली होती, "सासूबाई आजारी आहेत गं, मोठी रजा टाकलीय." गाडीची मागची सीट रिकामी होती. वंदनाने मला पाहिलं आणि काच वर घेतली.

सोबत सुटल्याचं एवढं वाटत नाही. सांगून गेली असती तर मीच म्हटलं असतं, जा बाई, सुटलीस. पण मी तिच्या सासूबाईंसाठी रोज देवाला हात जोडत होते.

संध्याकाळी मीच फोन केला. ती म्हणाली, "रोज तुझ्या आईचं आजारपण ऐकायचं... मला सकाळी जरा हसायचं होतं गं."

दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "रोज जाता का?" मी नुसती मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. सातारा इतकं लांब आहे, हे मला त्या दिवशी कळलं.