अकरावा सुरुंग

चैत्रातला मंगळवार. सुरुंग अकरा. खाणीत आम्ही चौदा जण, वर कचेरीच्या ओट्यावर शिपाई दौलू, आणि आत पाटावर जेवायला बसलेले ओव्हरसियर साहेब. हजर होते ते एवढेच.

मी कचेरीपुढच्या कडुलिंबाखाली उभा होतो. लिंबाच्या पुढं आम्हा महारांनी पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कायदा. हातात दगडाची एक चीप होती. तिच्यावर कोळशानं लिहिलं होतं: भरले ११, उडाले १०. हात लांब करून मी ती पुढं ठेवली. दौलू खाली उतरला. त्यानं आकडे वाचले. मग काठीच्या टोकानं चीप बाजूला ढकलली, मेलेली पाल ढकलावी तशी.

"साहेब ताटावर हाईत," तो हळूच म्हणाला. "तोंडातनं आवाज काढू नगंस."

कोल्हापुराबाहेरच्या त्या खाणीतला दगड एका नव्या तलावाच्या बांधाला जात होता. मी मुकादम. वय चाळीस, घरात बायको आणि चार पोरं. साहेबांचा हुकूम मला चिठ्ठीनं यायचा. दौलू ती जमिनीवर टाकायचा, मी उचलायची. माझा निरोप वर जायचा तो दौलूच्या तोंडून, त्याच्या मर्जीनं. तिसरी गोष्ट घंटा. दोन ठोके म्हणजे वाती पेटल्या, पळा. तीन ठोके म्हणजे सगळं उडालं, परत कामाला लागा. घंटेची दोरी ओट्यावर. तिला आमचा हात लागायचा नाही.

सुरुंग दुपारी उडवायचे आणि साहेब तेव्हाच जेवायचे, कारण तेवढा वेळ काम बंद असायचं. जेवताना महाराचा आवाज कानावर पडला तर त्यांना ताटावरून उठावं लागे. दोन वर्षांपूर्वी मी एकदा खोकलो होतो. साहेब उपाशी उठले आणि मला संध्याकाळपर्यंत उन्हात उभं केलं. डोक्यावर पहार. तेरा जणांच्या देखत.

ते आठवलं, म्हणून मी गप्प राहिलो. दहा बोटं दाखवली, मग एक. दौलूला कळलं. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला कळलं. पण आतून साहेबांनी विचारलं, घंटा अजून का नाही? दौलू ओट्यावर चढला, त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि दोरी ओढली. तीन ठोके.

मी खाली पळालो. अर्ध्या वाटेवर ओरडलो, तेव्हा उशीर झाला होता. सटवा सगळ्यांच्या पुढं असायचा, कामाचा उरक त्याला फार. त्यानं अकराव्या भोकात पहार घातली.

उजवा हात मनगटापासून गेला. डावा डोळा गेला. वय सव्वीस.

चौकशीला कोल्हापुरातून मोठे साहेब आले. ओव्हरसियर म्हणाले, मुकादमानं कळवलंच नाही. दौलू पायांकडं बघत राहिला. मी ती चीप दाखवली. मोठे साहेब म्हणाले, हा काही कागद नव्हे. कागदावर लिहिलं गेलं: मुकादमाची हयगय.

ते शब्द मी रात्रंदिवस चघळले. ओव्हरसियरवर राग होता, दौलूवर होता. पण आकडेमोड केली की शेवटी एक आकडा माझ्याच नावावर उरायचा. मला माहीत होतं. माझ्या तोंडात जीभ होती. एका माणसाच्या भातासाठी मी ती आवळून धरली. हयगय झाली होती ती हीच. कागदावर मात्र ती लिहिलेली नव्हती.

सरकारी जागेत शिवाशिव पाळू नये, असा महाराजांचा हुकूम निघाल्याचं मी पेठेत ऐकलं होतं. कोल्हापुरापासून खाण दोन कोसांवर. हुकूम तेवढं चालून आला नव्हता.

वैशाखात नऊ भरले. आठ उडाले. मी दोनदा मनात मोजलं. आठच. खाणीच्या काठावर माणसं घंटेची वाट बघत उभी. मी लिंबाखाली थांबलो नाही. तीन पायऱ्या चढलो, ओट्यावर गेलो आणि दौलूच्या हाताच्या वर दोरी धरली.

"सोड, मुकादमा," दौलू म्हणाला. "मला बी पोरंबाळं हाईत."

"सटवालाबी हाईत की, दौलूदा."

मग मी खाणीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "एक ऱ्हायलाय. घंटा झाली तरी कुणी जायचं न्हाय. मी सांगीन तवाच जायचं."

आत ताट सरकल्याचा आवाज आला. साहेब सोवळ्यात, उष्ट्या हातानं दारात आले.

"माझं जेवण बाटवलंस."

"जेवान सांच्याला परत शिजतंय, साहेब," मी म्हणालो. "सटवाचा हात कुठनं आणू?"

साहेब तसेच आत गेले. माणसं दिवस कलेपर्यंत वर थांबली. नववा सुरुंग भोकातच होता. मी जाऊन बघून आलो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जमिनीवर पडली. दंड एक रुपया. चार दिवसांची मजुरी.

सटवाला सरकारातून काही मिळालं नाही. आम्ही तेरा जणांनी दोन-दोन आणे काढले आणि सव्वीस आणे त्याच्या बायकोच्या, तानूच्या हातात दिले. माझा रुपया मी शनिवारी कचेरीत भरला. कारकुनानं पावती फाडली आणि सवयीनं ओट्याखाली टाकली. मी वाकलो नाही.

"हातात द्या," मी म्हणालो.

त्यानं वही मिटली. मी हललो नाही. शेवटी दौलू उठला, त्यानं पावती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं माझ्या हाताला लागली.

खाणीत अजून पुष्कळ दगड आहे. साहेब अजून दुपारीच जेवतात. पुढच्या दंडाचा रुपया मी बायकोजवळ देऊन ठेवला आहे.