कोंबडीला बांधलेला बूट

नातू बुटांना पॉलिश करायला बसला की तो वास नाकात शिरतो आणि मी आजही दाराकडं बघतो, गाडीवान हाक मारतोय की काय म्हणून.

लढाईचे दिवस होते. माझी रजा संपली होती. लोणंदला रेल्वे गाठायची, दारात बैलगाडी उभी आणि माझा एक बूट गायब! सारं घर पालथं घातलं, चूल तेवढी उकरायची राहिली.

"आरं फौजी, बैलं म्हातारी व्हतील की!" गाडीवान ओरडला.

तेवढ्यात परसात काहीतरी खरडत गेल्याचा आवाज आला. आमची तांबडी कोंबडी मोकळी सोडली तर सकाळचं अंडं घरात घालील आणि दुपारचं विजापुरात. म्हणून आई तिच्या पायाला चिंधीनं फाटकी वहाण बांधायची. त्या दिवशी वहाणेच्या जागी माझा सरकारी बूट होता! नदीत टाकला तर पूर अडावा एवढा जड.

"आये, ह्यो माझा बूट हाय!"

"व्हय? मला वाटलं जुनं पायताण. दिसतंय कुठं आता लेकरा."

मी बूट चढवेपर्यंत तिनं कोनाड्यातली फाटकी वहाण कोंबडीला बांधलीसुद्धा.

आईच्या अधू नजरेचा हा किस्सा सांगून मी सगळी पलटण हसवली. पण तिन्हीसांजेला गल्लीभरच्या कोंबड्यांतून आपली तांबडी लांबून ओळखणाऱ्या त्या बाईला, ज्यात बघून मिशी पिळावी इतका चकचकीत बूट दिसला नाही?

तिला त्या दिवशी दोघांना अडवायचं होतं. कोंबडी तेवढी अडली.