दुसऱ्या क्रमांकाचा जावई

एमिल साबो गेली चाळीस वर्षं अमेरिकेतल्या टोलेडो शहरात गाड्यांना सायलेन्सर बसवतो. स्वतःला मात्र त्याने तो कधी बसवून घेतला नाही. माझं घर त्याच्या घराला लागून, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. कानांनी भोगलेलं सांगतोय.

एमिलचा देव एकच, आमचा बास्केटबॉलचा संघ, टोलेडो पाइलट्स. आणि सण एकच, जूनमधला ड्राफ्ट. त्या दिवशी सगळे संघ नव्या पोरांमधून एकेक उचलतात आणि ज्यांनी वर्षभर जास्त मार खाल्ला त्यांना आधी निवडायला मिळतं. नापासाला बक्षीस असलेली एवढी एकच शाळा मला माहीत आहे. पोरांची पाहणी मुलगी बघायला गेल्यासारखी चालते. उंची किती, हात किती लांब, जरा चालून दाखव, उडी मारून दाखव. फक्त पोहे तेवढे नसतात.

एमिल या पाहणीतला जाणता. "ह्याच्यात वाव आहे," असं तो डोळे मिटून म्हणतो. त्याचा अर्थ, पोराला आज काहीही येत नाही. 'वाव' हा असा गुण आहे, जो पोरगा मैदानात उतरला की कमी व्हायला लागतो. स्वतः एमिलला बास्केटच्या जाळीला हात लावायचा तर शिडी लागेल, शिडी धरायला मी लागेन.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर कॉर्डेल मेबेरीला घेतलं, तेव्हा एमिलने टीव्हीच्या काचेचा मुका घेतला होता. दुकानात फोटो लागला. "दहा वर्षांत तीन वेळा विजेते! लिहून घ्या!" पुढे कॉर्डेल पाच वर्षं खेळला. वाईट नाही, थोर नाही. एक दिवस संघाने त्याला सोडून दिलं आणि एमिलने फोटो उतरवला. तेव्हापासून दर सोमवारी रेडिओवरच्या खेळगप्पांत फोन करून तो एकच आरती म्हणायचा. "आळशी! पैसा आला, भूक मेली! देवाने ताट वाढून दिलं आणि हा हातच धुवायला गेला नाही!"

या एप्रिलमध्ये एमिलची एकुलती एक लेक इलोना घरी आली. ती शाळेत शिकवते. त्याच शाळेत कॉर्डेल मेबेरी मुलांना खेळ शिकवतो. बाकीचं तुम्ही ओळखलंच असेल. एमिलला ओळखायला अर्धा तास लागला.

"डॅडी, रविवारी तो जेवायला येतोय," इलोनाने बजावलं. "खेळाचा एक शब्द काढलास, तर लग्नात चर्चमध्ये मी मम्मीचा हात धरून चालत जाईन. तू घरी बस."

लेकीचा हात धरून तिला चर्चमध्ये नवरदेवापर्यंत पोचवायचं, हे स्वप्न एमिल तिच्या बारशापासून बघत होता. ड्राफ्टखालोखाल त्याला तेवढंच एक स्वप्न पडत असे. तो धावत माझ्याकडे आला.

"ऑर्विल, तूही जेवायला ये. मी घसरायला लागलो की टेबलाखालून लाथ मार."

"कुठल्या पायावर?"

"अरे, मिळेल त्या!"

रविवारी कॉर्डेल दारातून वाकून आत आला. एमिलची बायको मार्गिट हिने चिकन पाप्रिकाश केलं होतं. एमिल हवेवर बोलला. सुपावर बोलला. पुन्हा हवेवर बोलला. चेहरा बिटासारखा झाला, पण गडी टिकला होता. तेवढ्यात कॉर्डेलला मीठ हवं झालं. मीठ त्याच्या डाव्या हाताशी होतं. त्याने अख्खं अंग वळवून ते उजव्या हाताने उचललं.

"डावा हात!" एमिल किंचाळला. "तेव्हाही नाही, आत्ताही नाही!"

मी लाथ मारली. ती मार्गिटला बसली.

इलोनाने काटा खाली ठेवला. कॉर्डेल शांतपणे मीठ घालत म्हणाला, "खरंय, मिस्टर साबो. डावा जमलाच नाही."

"जमला नाही म्हणजे? मेहनत केलीस?"

"रोज. सगळे घरी गेले की एकटाच. नाही जमला."

"पण तुझ्यात वाव होता रे!"

"तो तुम्हाला दिसायचा. मला आरशात कधी दिसला नाही." तो हसला. "सगळे संघ मिळून साडेचारशेच जण खेळतात तिथे. त्यांत मी मधे कुठेतरी होतो. सायलेन्सर बसवणाऱ्यांत तुमचा नंबर कितवा लागेल?"

एमिलने तोंड उघडलं. त्याच्याऐवजी पाय चोळत मार्गिट बोलली, "ह्या रस्त्यावर दुसरा."

"आणि दुकानं किती?"

"दोन."

मी पाणी पीत होतो. ते नाकातून आलं. एमिलने आधी बायकोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. जगात पहिल्यांदाच कोणीतरी त्याचा ड्राफ्ट केला होता.

इलोना मात्र हसली नाही. तिने कोट उचलला. "सांगितलं होतं ना, डॅडी? झालं."

"अगं थांब! सोमवारी रेडिओवर सांगतो, की पोरगा तसा..."

"सोमवारी फोन नाही. कुठल्याच सोमवारी नाही." ती दारात थांबली. "आणि लग्न ड्राफ्टच्याच संध्याकाळी ठेवतेय. मुद्दाम. आता तूच काय ते निवड."

सगळ्या संघांना कोणाला घ्यावं हे जन्मभर फोनवरून सांगणारा माणूस तिथे ताटावर बोटं फिरवत बसला. कॉर्डेलचं जेवण उरकलं तरी हा बसलेलाच. शेवटी पुटपुटला, "तुला."

"एवढा वेळ?" इलोना म्हणाली, पण कोट खाली ठेवला.

जूनमध्ये एमिल लेकीचा हात धरून चर्चमध्ये चालला. अर्धे पाहुणे बाकांखाली फोन धरून ड्राफ्ट बघत होते, त्यात मीही. आमच्या संघाने सात फुटी पोरगा घेतला होता, धड पळताही न येणारा. फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा मी मैत्रीला जागून एमिलच्या कानात ते सांगितलं.

एमिलने ओठ घट्ट मिटले. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी तरळलं, पण आवाज निघाला नाही. नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. तो आता मार्गिटच्या दिवाणखान्यात आहे. आलागेला म्हणतो, लेकीसाठी बापाला किती भरून आलंय बघा.

मार्गिट हो म्हणते.