डिकीतली पेटी आणि आबांची खुर्ची

कंबरेचं हाड मोडल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, चाकाच्या खुर्चीवर होते. आठवड्यातून दोनदा मी त्यांना धरणगावहून जळगावला व्यायामासाठी न्यायचो. खुर्चीची घडी करून ती डिकीत टाकायची. बाकीचे दिवस बियाण्यांच्या कामासाठी जामनेर, धुळे असा मी एकटाच फिरत असे. गाडीतले मूळचे स्पीकर नुसते किणकिणायचे. गाडीत दमदार बेस असावा ही हौस कॉलेजपासूनची. चाळिशी आली तरी ती राहूनच गेली होती.

जळगावातल्या एका दुकानात चौकशी केली. मालक माझ्याच वयाचा मारवाडी, फिटिंगही स्वतःच करायचा. त्याने सबवूफरच्या दोन पेट्या वाजवून दाखवल्या. एक मोठी, हवा बाहेर यायला भोक ठेवलेली. तिच्या दणक्याने दुकानाची काच थरथरली. दुसरी लहान, सगळीकडून बंद. आवाज त्या मानाने कमी, पण प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणारा. मी अर्थातच मोठीवर बोट ठेवलं.

"डिकीत काय असतं, भाऊ?" त्याने विचारलं.

"आबांची खुर्ची."

"मग पुढच्या वेळी आबांना आणि खुर्चीला घेऊन या. आधी खुर्ची ठेवू, मग पेटीचं माप घेऊ."

पुढच्या फेरीला गेलो. खुर्ची आत ठेवून त्याने टेप लावली. मोठी पेटी बसणारच नव्हती. मला चक्क त्या खुर्चीचा राग आला. तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण गाडीत बसलेले आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मोठीच ले. खुर्ची मना बाजूले सीटवर राही."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी लहान, बंद पेटी सांगितली. डाव्या चाकाच्या मागच्या कोपऱ्यात बसेल अशी ती बनवायची, आणि खुर्चीचा धक्का लागू नये म्हणून वूफरवर लोखंडी जाळी.

आठवड्याने फिटिंग झालं. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर मागे आणली, ॲम्प्लिफायर सीटखाली गेला, पेटी पट्ट्यांनी घट्ट आवळली. तोवर आबा दुकानासमोर सावलीत खुर्चीवर बसून होते. गाणं लावलं. ठेका छान होता, पण त्याच्यासोबत बारीक फरफर येत होती.

"नंबर प्लेट असणार," मालक म्हणाला. तिच्यामागे फोम लावला. फरफर तशीच. मग डिकीच्या झाकणाला आतून पट्ट्या चिकटवल्या. तरी तशीच. तासभर आम्ही दोघं गाडीभोवती फिरत होतो.

"माले तठे ली चाल," आबा म्हणाले.

मी खुर्ची डिकीजवळ नेली. आबांनी गाणं बंद करायला लावलं, मालकाकडून पाना मागून घेतला आणि पेटीच्या कडेकडेने हलकेच ठोके मारू लागले. टक्, टक्, टक्. भुसावळला रेल्वेत त्यांनी अख्खी नोकरी गाड्यांच्या चाकांवर हातोडा मारून, आवाजावरून तडा ओळखण्यात काढली होती. हे मला माहीत होतं, पण ते काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मान तिरकी, डोळे मिटलेले. एका कोपऱ्याशी येऊन ते थांबले, पुन्हा तिथेच मारलं. आवाज पोकळ आला.

"आठे पोकय वाजस. प्लेट नही, पेटीच शे."

मालक हसला. "आबा, पेटी मी स्वतः बनवलीय."

"काढीन देख."

त्याने नाइलाजाने पेटी बाहेर काढून वूफर उतरवला आणि आत टॉर्च धरला. त्या कोपऱ्याच्या सांध्यात डिंक पोचलाच नव्हता. केसाएवढ्या फटीतून हवा निसटत होती. त्याने फट भरली, आतून लाकडी पट्टी ठोकली आणि सुकेपर्यंत आबांना जुन्या वॅगनींबद्दल विचारत बसला. हाड मोडल्यापासून आबा एवढं सलग कधी बोलले नव्हते. मी चहा सांगितला, मग दुसऱ्यांदाही सांगितला.

संध्याकाळी पेटी परत बसली. आवाज स्वच्छ होता. खुर्चीही कुठे न घासता आत गेली. जळगाव सोडल्यावर मी हळूच आवाज वाढवला.

"कमी कर रे," दोन-तीन किलोमीटरवर आबा म्हणाले, "छातीमा धडधडस."

मी कमी केला. आता ते सोबत असले की बेस निम्म्यावर असतो, आणि जामनेरच्या रस्त्याला एकटा लागलो की पूर्ण.